कोपऱ्यातली जास्तीची टाचणी

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसणाऱ्यांना कीर्तनातली अर्धीच गोष्ट ऐकू येते आणि उरलेली अर्धी ते घरी जाऊन स्वतः रचतात, असं आमचे शांतवनबुवा म्हणायचे. मी काही बुवा नाही. शेजारी पेटी नाही, हातात चिपळ्या नाहीत आणि गळा तर केव्हाच बसला. पण एक गोष्ट सांगते. टाचणीएवढीच आहे. साठ वर्षं झाली, अजून टोचते.

"उसव," दोर्कसबाई म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. सकाळपासून जेमतेम अर्धं बोट लेस झाली होती.

"कुठपर्यंत?"

"कोपऱ्यापर्यंत."

"कोपरा वळलाय, बाई."

"वळलाय. पण टाचणी सोडलीस तू. त्या भोकात टाचणी नाही."

ही सातवी वेळ होती. सात वेळा तोच कोपरा मी केला आणि सात वेळा उसवला. शेजारच्या उशीवरून रत्नमाला साळवे म्हणाली, "बाई, आपण असं करू, पाळकसाहेबांना सांगून ज्या मेजावर हे घालायचं ते मेजच गोल करून घेऊ. कोपऱ्याची कटकटच मिटेल." खोलीतल्या सगळ्या जणी हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या नाकात पाणी आलं होतं आणि ते लेसवर पडू नये म्हणून मी तोंड फिरवून बसले.

तुम्ही सुईची, क्रोशाच्या आकड्याची लेस पाहिली असेल. आमची तशी नव्हती. मिशनच्या आवारात चिंचेखाली एक लांब कौलारू खोली होती, तिला सगळे लेसची खोली म्हणत. तिथं प्रत्येकीच्या मांडीसमोर गवत ठासून भरलेली दगडासारखी गच्च उशी असायची. उशीवर जाड कागदाचा पुठ्ठा, आणि नमुन्याची सगळी भोकं त्या पुठ्ठ्यावर पाडलेली. दोरा गुंडाळलेल्या लाकडी काड्या उशीवरून खाली लोंबायच्या, दोन दोनच्या जोडीनं. या नमुन्याला छत्तीस जोड्या लागायच्या. काडीवरून काडी ओलांडायची, पीळ द्यायचा, भोकात टाचणी रोवायची, पुन्हा ओलांडायचं. टाचणी दोऱ्याला जागेवर धरते. पुढं गेलं की मागची टाचणी काढायची, आणि हवेत जाळी उभी राहते. बोटभर लेसला एक दिवस.

दोर्कसबाई उजागरे खोलीच्या मुख्य. वय पासष्टीच्या पुढं. लहानपणी मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथगृहात आलेल्या. त्या मुलींना पोटापुरतं काम यावं म्हणून एका मडमबाईंनी ही कला त्यांना शिकवली, आणि मडमबाई मायदेशी गेल्यावर दोर्कसबाईंनी आम्हाला. आम्हा मुलींना आकडे लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी सगळा नमुना एका पदावर बसवला होता. मेंढराला माघारी बोलावणारं साधं पद, कीर्तनात सुरुवातीला म्हणतात तसलं. एका ओळीत एक रांग. 'ये रे' म्हणताना ओलांडायचं, 'मेंढरा' म्हणताना पीळ, सम आली की टाचणी. वीस जणी गुणगुणत बसल्या की खोलीत मधमाश्या शिरल्यासारखं वाटायचं. मला ते फार आवडे. माझे वडील शांतवनबुवांच्या मागं तबला वाजवत, त्यामुळं ताल माझ्या अंगातच होता. माझी लेस खोलीत सगळ्यात सरळ यायची, हे मी जरा गर्वानंच सांगते.

पण कोपऱ्यावर ते पद अडायचं. कोपऱ्याच्या आतल्या अंगाला एक भोक होतं, ते ना रांगेत ना तालात. तिथं टाचणी लावली की दोन जोड्या वाट चुकल्यासारख्या आडव्या जायच्या. मग एक पीळ जास्तीचा देऊन त्यांना ओढून आणायचं, आणि तेवढा वेळ गाणं बंद. "इथं थांबायचं. एक श्वास घ्यायचा. मग पुढं," असं दोर्कसबाई सांगायच्या. श्वास घेतला की माझा हात हमखास चुकायचा. आणि एवढा खटाटोप करून लेसमध्ये काय दिसायचं, तर तांदळाच्या दाण्याएवढी एक उघडी जागा. शोभेची नव्हे की कामाची नव्हे.

"ते भोक कशाला आहे, बाई?" मी विचारलं होतं.

"आपला दोरा जाड आहे. एक टाचणी जास्त लागते."

"पण न लावता कोपरा छान वळतो."

"लाव म्हटलं की लावायची."

आमच्या नव्या मंदिराचं, म्हणजे चर्चचं, समर्पण तोंडावर आलं होतं. प्रभुभोजनाच्या मेजावर घालायच्या वस्त्राला चारी बाजूंनी ही लेस हवी होती. सलग एकच पट्टी, चार कोपरे. दीड वर्षात तीन कोपरे दोर्कसबाईंनी स्वतः वळवले आणि चौथ्याला त्यांची बोटं संधिवातानं आखडली. उशी माझ्याकडं आली. पाळक मकासरेसाहेबांनी खोलीत येऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं की, सुवार्ता, म्हणजे मी, हा कोपरा पुरा करील तर बाईंच्या मागं खोली तिनं चालवावी. मी एकोणीस वर्षांची होते. मला ती खोली हवी होती. दुसरं काही मागावं असं मला त्या वयात सुचलंही नव्हतं. समर्पणाला बारा दिवस राहिले होते आणि माझा कोपरा रोज संध्याकाळी उसवला जात होता.

मी प्रार्थना केली, खोटं कशाला सांगू, पण ती चांगली प्रार्थना नव्हती. देवा, हिला सुबुद्धी दे, असं मी म्हणायचे, आणि मग घाईनं जोडायचे, नाहीतर मला दे.

पुढच्या सोमवारी दोर्कसबाईंना हात दाखवायला नगरच्या दवाखान्यात नेलं. तीन-चार दिवस ठेवून घेणार होते. जाताना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, आणि म्हणाल्या, "मी येईपर्यंत कोपऱ्याला हात लावू नकोस. मी शेजारी बसून करून घेईन."

आठ दिवस राहिले होते. चार दिवस हात जोडून बसायचं?

मंगळवारी दोरा काढायला कपाट उघडलं. तळाला, वाळवी लागू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलेलं एक बाड होतं. त्यात मडमबाईंनी परदेशातून आणलेले मूळ पुठ्ठे होते. आपण वापरतो तो पुठ्ठा भोकं पडून पडून चाळणी होतो, मग त्याच्यावरून नवा पाडायचा, त्याच्यावरून आणखी नवा. मूळ पुठ्ठा आम्हा मुलींपैकी कुणी पाहिलेलाच नव्हता. मी आमच्या नमुन्याचा शोधला, खिडकीपाशी नेला, उजेडासमोर धरला.

कोपऱ्यात ते भोक नव्हतं.

मी आमचा पुठ्ठा त्याच्यावर ठेवला. बाकीची सगळी भोकं एकावर एक बसली. उजेड सगळीकडून आरपार आला, फक्त एका जागी आला नाही.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? सात वेळा उसवलं होतं मी. माझी बोटं सोलली होती. आणि ते सगळं एका चुकीच्या भोकापायी, जे कुणीतरी कधीतरी नकला करताना पाडलं आणि जे या हट्टी म्हातारीनं पुढं चालवलं. मला इतका राग आला की माझे कान तापले. त्याच दोऱ्यानं, त्याच छत्तीस जोड्यांनी मी कोपरा घेतला. पद कुठंही अडलं नाही. उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा कोपरा आपोआप वळला. कोपऱ्यापुढं वीतभरच लेस उरली होती. ती मी दिवसरात्र एक करून गुरुवारपर्यंत संपवली, दोरे कापले, गाठी मारल्या, आणि रत्नमालेनं व मी मिळून पट्टी कापडाला शिवून टाकली.

"बाईंना विचारायचं नाही का?" रत्नमाला म्हणाली.

"बाईंना काय विचारायचं? पुठ्ठ्याला विचारलं."

"तुझं तू बघ बाई. मी नुसती शिवतेय."

शुक्रवारी दुपारी दोर्कसबाई आल्या. पाळकसाहेबही त्याच वेळी वस्त्र बघायला आले, किंवा मीच त्यांना त्या वेळी बोलावलं होतं. बोलावलंच होतं. खोलीच्या मधोमध टेबलावर वस्त्र पसरलं होतं. शेजारी मी दोन्ही पुठ्ठे मांडून ठेवले होते, नवा आणि मूळचा. शाळेत फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं मी साहेबांना सगळं समजावलं. दोरा जाड असल्याचं कारण कसं खोटं ठरतं तेही सांगितलं, कारण चौथा कोपरा त्याच दोऱ्याचा होता. 'खोटं' हा शब्द मी वापरला. मला आठवतं.

साहेबांनी चष्मा वर करून चारी कोपरे पाहिले. ते सज्जन होते, कुणाला दुखवावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यांना खरोखर नवल वाटलं.

"दोर्कसबाई," ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीचा नमुना शिकवत होतो?"

मी बाईंकडं पाहत होते. मला वाटलं आता त्या चिडतील, दोऱ्याचं कारण पुन्हा पुढं करतील, आणि मी पुन्हा त्यांना गप्प करीन. माझं उत्तर तयार होतं.

त्या टेबलापाशी आल्या. बँडेज बांधलेल्या हातानं त्यांनी चौथा कोपरा चाचपला. डोळ्यांनी पाहिलाच नाही, नुसता चाचपला.

"होय, साहेब," त्या म्हणाल्या. "पोरगी खरं बोलते. ते भोक चूकच आहे."

"मग आधीचे तीन?"

"तेही चुकीचे."

साहेब म्हणाले, असो, एवढं कुणाच्या लक्षात येणार नाही, पण पुढं सुवार्ता मूळ पुठ्ठ्यावरून शिकवील, जूनपासून. सगळ्या जणी उशांवर वाकल्या. कुणी गुणगुणत नव्हतं. मी जिंकले होते, आणि हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

सगळ्या गेल्यावर दोर्कसबाईंनी मला थांबवलं. त्या आपल्या उशीपाशी खाली बसल्या आणि काड्यांच्या पेटीतून एक काडी काढून माझ्यापुढं ठेवली. जुनी, हाताळून काळी झालेली. तिच्या टोकाला चाकूनं तीन खाचा केलेल्या होत्या.

"ही बायजाची," त्या म्हणाल्या.

मी बायजा हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"दुष्काळात आम्ही एकाच गाडीतून आलो. मी आठची, ती नऊची असेल. पुठ्ठे पाडायचं काम तिचं होतं. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मूळ पुठ्ठ्यावर कागद ठेवून अशी भोकं पाडायची की मडमबाई भिंगातून बघायच्या आणि मान हलवायच्या. विसाव्या-बाविसाव्या वर्षी तिचे डोळे जायला लागले."

"लेसनं?"

"लेसनं म्हण, नाहीतर लहानपणच्या उपासमारीनं म्हण. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ती काड्या चाचपून ओळखायला लागली. या खाचा त्यासाठीच आहेत. ज्याला दिसत नाही त्याला खोलीत जागा नव्हती, सुवार्ता. त्या पोरींना मडमबाई दूरच्या आश्रमात पाठवत. वाईट जागा नव्हती, पण तिथं तिचं कुणी नव्हतं. इथं मी होते."

मला आता पुढचं कळायला लागलं होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं.

"हा पुठ्ठा तिनं पाडला तो शेवटचा. एक भोक भलतीकडं गेलं. मडमबाईंनी लगेच बोट ठेवलं, हे काय म्हणून. बायजाला तर ते दिसतही नव्हतं. ती नुसती त्यांच्या आवाजाकडं तोंड करून उभी. मी म्हटलं, मडमसाहेब, मीच तिला पाडायला सांगितलं. आपला दोरा जाड आहे, एक टाचणी जास्त लागते."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, दाखव कशी ते. मी दोन दिवस मागितले, आणि त्या भोकात टाचणी बसेल असा कोपरा रचून काढला. तो जास्तीचा पीळ, तो श्वास, सगळं त्या दोन दिवसांतलं. मडमबाईंना पटलं. बायजा आणखी तीन वर्षं माझ्या शेजारी बसली. मी पद म्हणायची, तिच्या काड्या चालायच्या. मग तापात गेली. तिनं माझ्याकडून शब्द घेतला होता, तिला दिसत नव्हतं हे मी कुणाला सांगणार नाही म्हणून. आंधळी बायजा म्हणतील, म्हणायची. त्या वेळच्या खोलीतल्या सगळ्या जणी गेल्या आता, मी सोडून. तरी शब्द तो शब्द."

"आणि आज सांगितलंत."

"आज ते भोकच राहिलं नाही. आता कशाची राखण करू?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. त्यांच्यावर आला. मी म्हटलं, "बाई, एवढं एक वाक्य सांगितलं असतंत तर! मी सात वेळा उसवलं. मी दहा वेळा टाचणी लावली असती."

"हो," त्या म्हणाल्या, "लावली असतीस. मला तुझा राग नाही. मी खोटं बोलले होते आणि आज ते फिटलं, हे बरंच झालं." मग जराशानं, "तुझा कोपरा सुरेख आहे. खरंच सुरेख आहे."

ती त्यांनी केलेली माझी पहिली तारीफ. ती मला आजवर पचलेली नाही.

मी उठून टेबलाकडं गेले. कात्री घेतली, शिवण उसवली, पट्टीचा तो कोपरा हातात धरला, आणि मग उमगलं. काड्यांवर असेपर्यंत लेस उसवता येते. काड्या उलट चालवल्या की जिथून आलो तिथं परत जाता येतं, सात वेळा गेले होते ना मी. पण दोरे कापून गाठी मारल्यावर ती उसवत नाही, फक्त फाटते. आणि पट्टी तर सलग होती. माझा कोपरा काढायचा म्हणजे बाईंच्या तीन कोपऱ्यांचा धागा तोडायचा. समर्पणाला उरलेल्या चार दिवसांत सगळी पट्टी पहिल्यापासून होणं शक्यच नव्हतं. मी कात्री घेऊन तशीच उभी राहिले. दोर्कसबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि सुई दिली. जी शिवण मी उसवली होती, ती मीच पुन्हा घातली. त्या शेजारी बसून दिवा जरा माझ्याकडं सरकवत राहिल्या.

समर्पणाच्या दिवशी प्रभुभोजनाच्या विधीनंतर दुपारी शांतवनबुवांचं कीर्तन झालं. हरवलेल्या मेंढराचं आख्यान होतं. शंभरावं मेंढरू सापडतं त्या जागेवर बुवा नेहमी थांबायचे. माझे वडील तबल्यावरचा हात उचलायचे, पेटी बंद, आणि अख्खं मंदिर एक श्वास गप्प. मग ते मेंढराला हाक मारायचे. मी लहानपणापासून ती जागा ऐकत आले होते, आणि तीच मला कीर्तनात सगळ्यात प्यारी होती. त्या दिवशी तिथं बुवा थांबले, आणि मी समोर मेजाकडं बघितलं. वस्त्राचे दोन कोपरे आमच्या बाजूला लोंबत होते. एक बाईंचा, एक माझा. बाईंच्या कोपऱ्यात तांदळाएवढा उजेड होता. माझ्यात नव्हता. मी मान खाली घातली ती कीर्तन संपेपर्यंत वर केली नाही.

जूनपासून खोली माझ्याकडं आली. पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं मी मूळ पुठ्ठ्यावरून नवा पुठ्ठा पाडला. आणि मग कोपऱ्यात, आतल्या अंगाला, माझ्या हातानं एक भोक जास्तीचं पाडलं. साहेबांनी वर्षभरानं ते पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चष्मा खाली घेऊन निघून गेले. दोर्कसबाई त्यानंतर चार पावसाळे जगल्या. बत्तीस वर्षं मी तो कोपरा शिकवला. मुली वैतागायच्या, रडायच्या, कशाला हे भोक म्हणून भांडायच्या. मी त्यांना बायजाची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. पुढं यंत्राची लेस दुकानात वारानं मोजून मिळायला लागली, खोली बंद झाली, उशांमधलं गवत कुणी जनावरांना घातलं. तिथं आता सायकली लावतात.

मेजवस्त्र मात्र आहे. सणाला निघतं. पिवळं पडलंय, पण एक धागा सुटलेला नाही. आमच्या गावी कधी आलात तर मंदिरात जा. मेजाला फेरी घाला. चौथा कोपरा लोक हात लावून बघतात, किती सफाईदार म्हणतात. म्हणू द्या, तो माझा आहे, आणि तो आता मला उसवता येत नाही. तुम्ही बाकीच्या तिघांपैकी कुठल्याही एका कोपऱ्यापाशी थांबा. आतल्या अंगाला बोट फिरवा, डोळे मिटून फिरवलंत तर लवकर सापडेल. ती जागा लागली की एक श्वास गप्प राहा आणि बायजाची आठवण काढा. तिला आंधळी म्हणू नका.